गायब करण्याचा कोर्स

आमच्या दहिवलीत सिनेमाचं कुणाला फारसं अप्रूप राहिलेलं नाही. कर्जत स्टेशनातून बाहेर पडून उल्हास नदीचा पूल ओलांडला की आमची दहिवली. आणि इथल्या गल्लीगल्लीत एक तरी माणूस असा निघतो, ज्याने स्वतःच्या खांद्यावरून अकबराचा राजवाडा वाहून नेलेला आहे. शेजारच्या खालापूर तालुक्यात, चौकला, नितीन चंद्रकांत देसाईंनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभा केला. तिथे ‘जोधा अकबर’साठी मोगलांचा दरबार उठला, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेसाठी मराठ्यांचा उठला, आणि दोन्हीकडे प्लायवूड न् प्लास्टरची पोती उचलायला आमच्या भागातली माणसं होती. त्यामुळे इथल्या लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला. आमच्याकडची पोरं खऱ्याखुऱ्या राजमाचीवर गेली तरी आधी तटाला बोटाने टकटक करून बघतात. पोकळ वाजला नाही की जरा हिरमुसतात.

फार्महाऊसमधल्या शूटिंगचं तर विचारूच नका. रस्त्याला जनरेटरची गाडी आणि दोन-तीन व्हॅनिटी उभ्या दिसल्या की मुंबईचा माणूस विचारतो, ‘हिरो कोण?’ दहिवलीचा माणूस विचारतो, ‘जेवण कुणाचं?’

अशा गावात आमच्या भाचेरावांनी बारावीनंतर जाहीर केलं, की मी व्हीएफएक्स शिकणार.

“म्हणजे नक्की काय करणार?” ताईने विचारलं.

“जे आहे ते काढायचं आणि जे नाही ते घालायचं.”

“त्यासाठी तलाठ्याची परीक्षा असते,” भावोजी पेपरातून मान वर न करता म्हणाले.

फीचा आकडा ऐकून आमच्या आईने (तिला आता घरात, गल्लीत आणि रिक्षास्टँडवरही सगळे आजीच म्हणतात) एकच प्रश्न विचारला, “एवढ्यात गुंठा किती येईल?” कर्जतला आता एवढ्यात गुंठा सोडाच, गुंठ्याचं कुंपणही येत नाही असं कळल्यावर तिने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, “मग शिकू दे.” आमच्या तालुक्यात शिक्षणाचा जो काही प्रसार झाला आहे, त्यात जमिनीच्या भावाचा वाटा कुणीतरी अभ्यासायला हवा.

क्लास ठाण्याला. सकाळची कर्जत लोकल, पाठीला लॅपटॉप, डब्यात पोळीभाजी. पहिल्या आठवड्यात भाचेराव घरी आले ते पॅरिसहून आल्यासारखे. मेलिएस नावाचा एक फ्रेंच जादूगार होता, १८९६ साली तो पॅरिसच्या चौकात शूटिंग करत असताना कॅमेरा अडकला, पुन्हा सुरू होईपर्यंत रस्त्यावरची बस पुढे गेली आणि तिच्या जागी प्रेतगाडी आली, आणि फिल्म धुऊन बघतात तर बसची एका क्षणात प्रेतगाडी झालेली. झालं, ट्रिक फोटोग्राफीचा जन्म! हे सगळं त्याने हातवारे करून सांगितलं. मेलिएसने स्वतःच सांगितलेली गोष्ट, तेव्हा तीत मीठमसाला असणारच. जादूगाराने शपथेवर सांगितलेलं कोण धरतं?

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पॅरिस कशाला? कर्जतहून लोकलने निघालं की भिवपुरी रोड, नेरळ, शेलू आणि चौथं स्टेशन वांगणी. या वांगणीला रोज हा मुलगा मोबाइलमध्ये मान घालून ओलांडतो. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं शूटिंग केलं ते या वांगणीला. असं सांगतात, की तलवारी-ढाली घेतलेली ती मंडळी पाहून गावाला वाटलं दरोडेखोर उतरले, आणि भारतातल्या पहिल्या कथाचित्रपटाचं युनिट थेट पोलीसपाटलाच्या ताब्यात गेलं. शूटिंग म्हणजे काय हे पाटलाला समजावून सांगायचं तर सांगणार कसं? त्याने ते कधी पाहिलेलंच नव्हतं. आज त्याच पट्ट्यात तलवारी घेतलेली शंभर माणसं उतरली तर पोलीसपाटील त्यांना फक्त नाश्त्याची वेळ विचारील.

आणि जादूगारच हवा असेल तर फाळके होतेच की. जे. जे.त शिकलेले, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेले, लोणावळ्याला रविवर्म्याच्या छापखान्याचं काम करणारे, आणि शिवाय स्टेजवर जादूचे प्रयोग करणारे. प्रयोगापुरतं त्यांनी आपलं आडनाव उलटं केलं होतं, प्रोफेसर केळफा. लोणावळा काय, आमच्या डोक्यावरच आहे. मुंबईला जाता-येता प्रोफेसर केळफांची गाडी कर्जतला थांबली असणारच. हे मी भाच्याला सांगितलं तर म्हणाला, “मामा, हे सिलॅबसमध्ये नाहीये.”

पण मुलगा तसा गुणी. पहिला गृहपाठ होता मेलिएसचीच युक्ती: कॅमेरा हलू न देता माणूस गायब करायचा. कॅमेरा म्हणजे मोबाइल, स्टँड म्हणजे तांदळाचा डबा आणि त्यावर स्वयंपाकघरातला पाटा, आणि माणूस म्हणजे अर्थातच आजी, कारण घरात सांगितल्या जागी बसून राहणारं दुसरं कुणी नाही. आजीला ओटीवरच्या झोपाळ्यावर बसवलं. शूट केलं. मग ‘आजी, आता ऊठ’ म्हणून रिकामा झोपाळा शूट केला. दोन तुकडे जोडले. आजी एका टिचकीत नाहीशी! फक्त आजी बसलेली असताना झोपाळा स्वस्थ होता आणि ती गायब होताच तो जोरात हलायला लागला. शिवाय दुसऱ्या तुकड्यात झोपाळ्याखाली एक मांजर होतं, जे पहिल्यात नव्हतं. गल्लीतल्या दोन बायांनी तो व्हिडिओ पाहून आजीची दृष्टच काढली.

आजीला मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. “मी चांगली उठून चहा टाकायला गेले,” ती म्हणाली, “तुझ्यादेखत. त्यात गायब काय?”

यानंतर फाळके घरात शिरले ते माझ्यामुळे. लंडनहून कॅमेरा आणल्यावर १९१२ साली त्यांनी आधी काय केलं, तर कुंडीत एक वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावून थोडं थोडं करत महिनाभर तो टिपला. पडद्यावर तो वाटाणा बघता बघता कोंब फुटून वर आला. ‘अंकुराची वाढ’. ती पाहून नाडकर्णी नावाच्या स्नेह्यांनी सिनेमासाठी पैसे पुढे केले. सरस्वतीबाईंचे दागिने तारण गेले ते वेगळेच. आणि या बाई नुसत्या दागिने देऊन थांबल्या नाहीत, फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं आणि वर साऱ्या युनिटचं जेवण रांधणं, हे सगळं त्यांनीच केलं. आज या प्रत्येक कामाला वेगळं खातं आहे आणि वेगळी व्हॅनिटी आहे.

भाचेरावांना ही गोष्ट आवडली. वाटाणा नको, आपल्या मातीतलं काहीतरी हवं म्हणून त्यांनी कडवे वाल घेतले. भिजवलेले वाल ओल्या फडक्यावर ताटात मांडले, खिडकीपाशी मोबाइल लावला आणि दर दहा मिनिटांनी एक फोटो निघेल अशी व्यवस्था केली. ‘कुणी हात लावायचा नाही’ असा कागदही चिकटवला. दीड दिवस सगळं शिस्तीत चाललं. वाल फुगले, सालं तडकली, पांढरेशुभ्र मोड डोकावले. आणि दुसऱ्या दिवशी भाचेराव क्लासला गेले असताना आजीने ते पाहिलं. रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या बाईसमोर मोड आलेले वाल उघडे ठेवायचे आणि कागद चिकटवून तिने हात लावू नये अशी अपेक्षा करायची, हा भाबडेपणा ठाण्याच्या क्लासमुळेच येतो. तिने पाट घेतला, वाटीत कोमट पाणी घेतलं, आणि तिथेच, कॅमेऱ्यासमोर, अर्धा तास बसून सगळे वाल सोलले. रात्री ओल्या खोबऱ्याचं बिरडं होतं. नायकासकट सगळे सहकलाकार त्यात होते. भाचेराव जेवताना बोलले नाहीत, पण दोनदा वाढून घेतलं.

गंमत पुढे झाली. व्हिडिओ जोडला तर वाल फुगतात, तडकतात, मोड येतात, आणि एकदम बांगड्या भरलेले दोन हात पडद्यावर येतात नि पुढच्या क्षणी ताट रिकामं! दर दहा मिनिटांना एक, म्हणजे अर्ध्या तासाचे तीन फोटो. सेकंदाला चोवीस फ्रेमच्या हिशेबाने ते हात सेकंदाचा आठवा भाग दिसले. क्लासमधल्या सरांना तो शेवट इतका भिडला, की ‘हाताची एन्ट्री कशी प्लॅन केलीस?’ असं त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं.

मग आला क्रोमा. याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आमचं घर त्यातून अजून पुरतं सावरलेलं नाही. माणसाच्या पाठीमागे एका रंगाचा पडदा लावायचा, तेवढा रंग कंप्युटरला पुसायला सांगायचा आणि मागे हवा तो देखावा टाकायचा. फिल्मच्या जमान्यात पडदा निळा असायचा. डिजिटल कॅमेरे आल्यावर हिरव्याची चलती झाली. कारण असं, की कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवा पकडणारे, एक लाल आणि एक निळा पकडणारा असतो. कोडॅकच्या ब्राइस बायर नावाच्या माणसाने १९७६ साली ही मांडणी पेटंट केली. माणसाच्या डोळ्यालाही हिरव्या रंगातले बारकावे अधिक कळतात, म्हणून. शिवाय माणसाच्या कातडीत हिरवा नसतो. थोडक्यात, हिरवा हा पुसायला सर्वांत सोयीचा रंग.

आता हे शास्त्र आषाढ-श्रावणात दहिवलीत आणून बघा. बाजारातून पोपटी रंगाचं कापड आणून परसात बांधलं. समोर आवणं काढून लावलेली भातखाचरं, मागे माथेरानचा डोंगर, कुंपणावर वेल, विहिरीच्या कठड्यावर शेवाळ. कंप्युटरला ‘हिरवं पूस’ म्हटल्यावर त्याने अख्खा कर्जत तालुका पुसून टाकला. उरलं काय, तर दोरीवर वाळत घातलेलं एक रिकामं बनियन आणि पाण्याची काळी टाकी.

म्हणून मंडळी घरात आली. दिवाणखान्यात कापड टाचलं आणि त्यापुढे आमच्या सौभाग्यवतींना बसवलं. त्या त्याच्या मामी. मायेपोटी तयार झाल्या, आणि कॅमेऱ्यासमोर जायचं म्हणून श्रावणातल्या थाटात नटल्या. कोपरापर्यंत हिरवा चुडा, हिरवं खणाचं पोलकं. मागे काश्मीर टाकायचं ठरलं होतं. बटण दाबलं. पडद्यावर काश्मीरच्या बर्फात मामींचं डोकं, खाली अधांतरी साडी, आणि समोर मनगटापासून तुटलेले दोन हात, जे बिचारे अजून नमस्कार करत होते.

बाकीचे हसले. आजी हसली नाही. ती चष्मा लावून पुढे झाली, पडद्याकडे बघितलं, आणि तिचा आवाजच बदलला. “सुनेचा चुडा कुठे गेला?”

“आजी, तो ‘की’ झाला, म्हणजे पडद्याबरोबर पुसला गेला.”

“ते काय व्हायचं ते होऊ दे. श्रावणात भरल्या घरात सवाष्णीचा चुडा पुसतोस? आधी परत घाल. मग जेवायला बस.”

ज्याच्या नावाचा तो चुडा, तो मी समोर बसून लाडू खात होतो. पण ते आजीला पुरेसा पुरावा वाटला नाही. भाचेरावांनी त्या रात्री अकरापर्यंत बसून एकेक बांगडी परत घातली, तेव्हा कुठे मला धोक्याबाहेर धरण्यात आलं.

पोपटी कापड आजीने जप्त केलं आणि पुढे पापडांखाली अंथरलं. मग भाचेराव निळ्यावर आले. निळ्याचा एक फायदा असा, की पावसाळ्यात दहिवलीत तो फुकट मिळतो. कोकणातल्या तिरप्या पावसापासून भिंत वाचवायची म्हणून घराच्या एका अंगाला निळी ताडपत्री बांधलेली नाही असं घर सापडणं अवघड. म्हणजे चार महिने हा सारा मुलूख स्टुडिओच असतो, लायटिंग तेवढं वाईट. ताडपत्री चकाकते, फडफडते आणि तिच्या घड्या जात नाहीत, अशी भाचेरावांची तक्रार. शिवाय गावातल्या प्रत्येक तरुणाच्या कमरेखाली निळी जीन्स. समोर ज्या मित्राला उभं करावं तो कमरेपासून वरच उरे. शेवटी लुंगी नेसणाऱ्या एका वडीलधाऱ्या शेजाऱ्यांवर तो प्रयोग तडीस गेला. ते आजही आपण चंद्रावर जाऊन आल्याचा व्हिडिओ लग्नाकार्यात दाखवतात.

इथवर सगळं मजेचं होतं. खरी परीक्षा म्हणजे रोटो. पडदा नसेल तेव्हा माणसाला त्याच्या देखाव्यातून कापून काढायचं; कसं, तर त्याच्या कडेकडेने रेघ मारत जायचं, प्रत्येक फ्रेममध्ये. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे एकशेवीस वेळा तोच माणूस. अमेरिकेतल्या मॅक्स फ्लायशरने १९१७ साली या कामाच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. ते होतं कार्टूनसाठी. आता कंप्युटर बराच भार उचलतो, पण नायिकेने केस मोकळे सोडले आणि वारा सुटला की पुन्हा माणूसच लागतो. भाचेराव रात्ररात्र कुणातरी अनोळखी बाईच्या बटा कोरत बसायला लागले. ताईला आधी काळजी वाटली ती परीक्षेची नव्हे, बाई कोण याची.

आणि याच टप्प्यावर त्याला गुरू भेटला. ठाण्यात नव्हे. पुलाच्या अलीकडे फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे.

वाढदिवस, निवड, पुनर्निवड, शिवजयंती, दहीहंडी, दहावीचा निकाल आणि श्रद्धांजली या सगळ्यांना पुरून उरणारा हा माणूस. कोरल आणि फोटोशॉप यांच्या बळावर त्याने आजवर जेवढी मुंडकी कापून दुसऱ्याच्या कोटावर बसवली असतील, तेवढी पानिपतावरही पडली नसतील. भाचेराव तिथे पहिल्यांदा गेले ते झेरॉक्स काढायला, आणि उभ्या उभ्या बोलून गेले, “काका, या फोटोत लाइट मॅच होत नाही. मोठ्या साहेबांवर डावीकडून ऊन आहे आणि यांच्यावर उजवीकडून.”

“मॅच कसा होईल?” काका माऊस न थांबवता म्हणाले. “हे साहेबांच्या शेजारी कधी उभे होते का?”

त्या उत्तराने मुलगा तिथेच बसला तो दिवाळीपर्यंत. काकांकडे तो जे शिकला ते मोठमोठ्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. टक्कल भरताना केस किती घालायचे, म्हणजे माणूस खूश होतो आणि मतदार हसत नाही. गॉगलमधल्या प्रतिबिंबात फोटो काढणारा दिसत असेल तर त्याला काढायचं, आणि तोच पुढे शुभेच्छुकांत असेल तर खाली परत घालायचं. चाळीस शुभेच्छुकांची चाळीस डोकी, आणि कुणाचं डोकं कुणापेक्षा सुतभरही मोठं दिसता कामा नये; रुसवा झाला तर रात्री बाराच्या आत नवीन छापायचं. हॉलिवुडला असली डेडलाइन नाही. काकांची स्वतःची श्रद्धास्थानंही ठाम आहेत: महेश कोठाऱ्यांनी ‘धडाकेबाज’मध्ये बाटलीत बसवलेला लक्ष्या, आणि ‘झपाटलेला’मधला रामदास पाध्यांचा तात्या विंचू. “कंप्युटर नव्हता तरी पोरं रात्री एकटी मोरीवर जात नव्हती,” म्हणतात. “तुमचा तो डायनासोर बघून कुणी घाबरतं का? पॉपकॉर्न खातात.”

काकांच्या हातून चूकही कशी होते ते सांगतो. एका गृहस्थांचं निधन झालं. घरच्यांनी फोटो दिला तो कुणाच्यातरी लग्नातला, घोळक्यातला. काकांनी तो सफाईने कापला, मागे ढग टाकले, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. रात्रीत फ्लेक्स नाक्यावर लागला. सकाळी भाचेरावांच्या लक्षात आलं, की कैलासवासींच्या उजव्या खांद्यावर एक हात आहे. नुसता हात. लग्नात शेजारी उभं असलेल्या कुणा मित्राचा, अंगठीसकट, मनगटापर्यंत राहून गेलेला. दुकानात धावपळ झाली. पण दुपारी गृहस्थांच्या पत्नी स्वतः आल्या आणि काकांना म्हणाल्या, “खांद्यावर देवाचा हात दाखवलात, फार बरं वाटलं.” काकांनी मान खाली घातली. देवाच्या अंगठीत पुष्कराज होता, एवढं त्यांनी पुसलं नाही.

वर्षाअखेर भाचेरावांना मुंबईच्या एका स्टुडिओत शिकाऊ म्हणून घेतलं. गोरेगावात. आजकाल हॉलिवुडचं अर्धं मुंबईत पुसलं जातं, असं तो सांगतो. अर्धं म्हणजे किती ते मी मोजलेलं नाही, पण १९९७ साली मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसने पुढे लंडनची ‘डबल निगेटिव्ह’ आपल्यात घेतली, हे खरं आहे. एकेकाळी आम्ही विलायतेला कॅमेरा आणायला जात होतो. आता विलायतेचा कचरा इकडे काढायला येतो. आणि आपल्याकडचं कामही थोडंथोडकं नाही. २०२०च्या ‘तान्हाजी’त कडे आणि बुरूज कंप्युटरवर उठवले. ज्या मुलाच्या खिडकीतून उगाच नको तितका सह्याद्री दिसतो, त्याने दोन तास लोकलने जाऊन, पडदे ओढलेल्या खोलीत बसून, सह्याद्री बनवायला शिकायचं, यातला विनोद त्याला अजून कळलेला नाही. पगार मिळेपर्यंत मी तो सांगणारही नाही.

त्याच्या वाट्याला आलं वायर काढण्याचं काम. हवेत उडणाऱ्या माणसाला जी तार लावलेली असते ती पुसायची. याच मुंबईत बाबूभाई मिस्त्रींनी १९३७च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याने वस्तू अशा नाचवल्या, की लोक त्यांना ‘काला धागा’च म्हणायला लागले. तेव्हा धागा दिसू नये याची अक्कल लढवावी लागे. आता खुशाल बैलाचा कासरा बांधतात, कारण गोरेगावात एक पोरगं बसवलेलं असतं.

तो सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे कल्याणला गेलो. सिनेमाचं नाव आधी कुणाला सांगायचं नाही अशी सही त्याने करून दिली होती, त्यामुळे आजीने ते फक्त लोकलच्या डब्यात सांगितलं. भाच्याचं काम चार सेकंदांचं, शहाण्णव फ्रेमचं. खलनायक गच्चीवरून उडतो तिथे. उडाला. आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

“कुठे आहे तुझं?” ताई कुजबुजली.

“झालं.”

“काही दिसलं नाही.”

“हां, मग बरोबर आलंय.”

सिनेमा संपला, माणसं उठली, झाडूवाले आत आले, आणि पडद्यावर नावं वर सरकायला लागली. चहावाल्यांची आली, गाड्या चालवणाऱ्यांची आली, एका कुत्र्याचं आलं. भाच्याचं आलं नाही. स्टुडिओचं तेवढं आलं. ताई हिरमुसली. तेव्हा भावोजी बोलले. भावोजी रेल्वेतून निवृत्त, सारी नोकरी कर्जतच्या बँकरवर. म्हणजे पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढायला मागून जी इंजिनं लावतात, त्यांवर ड्रायव्हर.

“हे आमच्यासारखंच झालं,” ते पायऱ्या उतरत म्हणाले. “कर्जतला मागून लागायचं, एकास सदतीसचा चढ ढकलायचा आणि लोणावळ्याला मुकाट सुटायचं. गाडीतल्या कुणी कधी मागे वळून पाहिलं नाही. कर्जतला वडा खातात, लोणावळ्याला चिक्की. मधला घाट आपोआप चढतो असं समजतात.” मग जरा थांबून म्हणाले, “पेन्शन आहे का पण यात?”

नाव पडद्यावर आलं नाही, तरी दहिवलीत व्हायचा तो बोभाटा झालाच, कारण आजी. हा मुलगा फोटोतून माणूस काढतो आणि मागमूस ठेवत नाही, ही बातमी पुलापलीकडे गेली आणि ओटीवर रीघ लागली. एकीला लग्नाच्या अल्बममधून नणंदा काढून हव्या होत्या; सगळ्या नाही, फक्त पुढच्या रांगेतल्या. एकाला साखरपुड्याच्या फोटोतली स्वतःची मिशी. एक शेजारी तर जमिनीचा फोटो घेऊन आले आणि म्हणाले, यातली शेजाऱ्याची भिंत सहा फूट पलीकडे सरकव, मोजणीच्या वेळी कामी येईल. ते काम भावोजींनी परस्पर नाकारलं. आणि बरेच जण आले ते काढायला नव्हे, घालायला: मुलाच्या लग्नाआधी गेलेले वडील, नातीच्या बारशाला नसलेली आजी. यांच्यासाठी भाचेराव लाइट नीट मॅच करतात, सावलीसुद्धा घालतात.

दर आजीने ठरवलेत. माणूस काढायचे पन्नास, घालायचे शंभर, आणि गेलेलं माणूस घालायचं असेल तर पैसे घ्यायचे नाहीत. गेल्या रविवारी मुद्र्याहून एक गृहस्थ सख्ख्या भावाबरोबरचा फोटो घेऊन आले. भावाला काढून टाक म्हणाले, आणि पन्नास ऐकल्यावर म्हणाले, “आजी, आमच्या लेखी तो मेलेलाच आहे. म्हणजे फुकटात बसतं ना?”

“मेलेला असेल तर घालू, त्याचं काही पडत नाही,” आजी सुपारी कातरत म्हणाली. “काढायचा असेल तर तो जिवंत आहे. आणि भांडणातला असेल तर डबल.”

त्यांनी शंभर दिले.